शेंगांची करोडगिरी

मी मूळचा गणिताचा मास्तर. गणितात एक मोठी सोय असते. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात आणि ती बघितल्याबद्दल मास्तराला कुणी विचारत नाही. इतिहासात ही सोय नाही, आणि हा विषय माझ्याकडे आला त्यात माझं कर्तृत्व शून्य. आमचे इतिहासाचे सर लांबच्या रजेवर गेले, मुख्याध्यापक वेळापत्रकाचा कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, आणि नेमक्या त्या क्षणी कुणाला वह्या तपासायची आठवण झाली, कुणाचा फोन वाजला, कुणी खिडकीतून मैदानावरच्या पोरांना उगाच दरडावलं, आणि मी एकटा भाकरी-ठेच्याचा भलामोठा घास तोंडात कोंबून साहेबांच्या तोंडाकडे बघत बसलो. "तुम्हाला चालेल ना, सर?" नाही म्हणायला तोंड रिकामं लागतं.

नांदेडहून चुडाव्याला मी पॅसेंजरनं अप-डाउन करतो. नांदेड, लिंबगाव, चुडावा, की पुढं गाडी पूर्णा जंक्शनला. अंतर असं बेतशीर की पेपर धड वाचून होत नाही, आणि डुलकी लागलीच तर पूर्ण्याच्या फलाटावर भजीवाल्याच्या आवाजानं जाग येते. माझा इतिहासाचा सगळा अभ्यास याच प्रवासात व्हायचा. एखाद्या एक्स्प्रेसला वाट द्यायला लिंबगावला गाडी थांबली तर दोन पानं जास्त. असं करत करत मी आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या धड्यापर्यंत पोचलो आणि माझ्या अंगात आलं. त्याला कारणही होतं. नुकत्याच झालेल्या एका प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की मास्तरानं नुसतं बोलू नये, पोरांच्या हातून कृती करून घ्यावी. ज्यांनी सांगितलं ते स्वतः दोन दिवस नुसतं बोलत होते, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात मी लांबून केली. अमेरिकेतून. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी इंग्रजांच्या कराच्या रागानं चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात कशा ओतल्या, हे मी हातवारे करून, खुर्चीवर चढून, खडूचा डबा पेटी म्हणून खिडकीबाहेर उपडा करून सांगितलं. वर्ग गंभीर झाला. मलाही भरून आलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, साखर?"

तो तास तिथंच संपला. खडू गोळा करायला गेलेली पोरं परत आलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दांडी. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून ७८ सहकारी घेऊन निघाले, ३८५ किलोमीटर चालले आणि ६ एप्रिलला मूठभर मीठ उचलून सरकारचा कायदा मोडला, इथवर सगळं छान चाललं. पण कृती कुठाय? चुडाव्याला समुद्र नाही. ही अडचण मी आदल्या संध्याकाळीच गाडीत सोडवून ठेवली होती. वऱ्हाडालाही समुद्र नव्हता, तरी १३ एप्रिल १९३० ला अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावी सत्याग्रहींनी खाऱ्या विहिरीचं पाणी उकळून मीठ काढलं होतं, हे मी वाचलं होतं, आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं पाणी मुळातच खारं असतं हेही वाचलं होतं. पूर्णा तर आपल्या उशालाच! योगायोग बघा, म्हटलं, इतिहासानं आपल्या गावासाठी सगळी तयारी करून ठेवलीय, फक्त मास्तर यायचा राहिला होता.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून मी मोठं पातेलं मागून घेतलं. कशाला हवं हे त्यांनी विचारलं, मी "राष्ट्रकार्य" म्हणालो, त्यांना ते हळदीकुंकवासारखं काहीतरी वाटलं असावं. शाळेच्या बोअरचं पाणी भरलं, चूल पेटवली, पोरांनी भोवती कडं केलं, मी उन्हात उभा राहून भाषण केलं, पाणी आटेना म्हणून पुन्हा भाषण केलं, मधली सुट्टी झाली, सुट्टी संपली, खिचडीची वेळ टळून गेली, भूक लागलेली पाचवीची पोरं चुलीभोवती मोर्चासारखी गोळा झाली, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी पांढरी पापडी दिसली. माझ्या अंगावर काटा आला. मी चिमूटभर खरवडून एका मुलाच्या हातावर ठेवली. त्यानं जीभ लावली, विचार केला, आणि म्हणाला, "सर, हे आमच्या माठाच्या बुडाला असतंय."

क्षार. नुसता चुना. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं, जी कधीच बोलत नाही आणि बोलली की माझं नुकसान होतं, हात वर केला. "सर, ती पूर्णा वेगळी. ती अकोल्याकडून जाऊन तापीला मिळते. आपली अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि कंठेश्वरला गोदावरीला मिळते. भूगोलाच्या मॅडमनी शिकवलंय." मी भूगोलाच्या मॅडमकडे बघितलं. त्या व्हरांड्यात उभ्या होत्या आणि पदर तोंडावर धरून आभाळाकडे बघत होत्या.

मावशींनी मात्र आभाळाकडे बघितलं नाही. पातेलं बघितलं, मला बघितलं, आणि पुढचा आठवडाभर माझ्या ताटात खिचडीचा फक्त खालचा जळका थर पडत राहिला. मिठाशिवाय.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. अगदी बरोबर. मी गावातल्या दुकानातून चार किलो भुईमुगाच्या शेंगा आणल्या, उधारीवर, कारण दुकानदाराचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि "सर, पैशाची काय घाई" असं तो स्वतः म्हणाला होता. योजना साधी होती. प्रत्येकाला मूठभर शेंगा. ती त्याची वर्षाची कमाई. मग वर्गात इंग्रजी राज्य सुरू. पाणी प्यायला गेलं तर दोन शेंगा कर, पेन्सिलीला टोक केलं तर एक, खिडकीजवळ बसायचं असेल तर तीन. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा मी कलेक्टर नेमला. माझा हिशेब असा की दहा मिनिटांत पोरं चिडतील, पंधराव्या मिनिटाला कुणीतरी उठून "देणार नाही!" म्हणेल, आणि मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'असहकार' लिहीन. खडू हातात धरून उभाच होतो.

पोरांनी कर भरला.

नुसता भरला नाही, रांगेत उभं राहून भरला. कलेक्टर ओरडला तरी भरला, त्यानं दुप्पट मागितला तरी भरला. मी कर वाढवला. डोळे मिचकावायला एक शेंग केली. तीही भरली. ही पोरं काय सहन करू शकतात याला अंतच नाही असं मला वाटायला लागलं, आणि मग लक्षात आलं की सहा महिने माझा इतिहासाचा तास बसून ऐकलेली पोरं ही. त्यांच्या सहनशक्तीची तालीम झालेली होती. शेवटी मीच काकुळतीला येऊन म्हणालो, "अरे, कुणालाच काही वाटत नाही का?" तेव्हा मधल्या रांगेतला एक शेतकऱ्याचा पोरगा उठला. मी खडू उचलला.

"सर, आमच्या शेंगा किडक्या निघाल्यात. निम्म्याच्या वर पीक गेलंय. पंचनामा करा आणि कर माफ करा."

"पंचनामा?"

"पैसेवारी पन्नासच्या आत आली की सूट असतीय, सर." लगेच दुसऱ्यानं शेंगा फोडून दाखवल्या, तिसऱ्यानं पावती मागितली, चौथ्यानं कलेक्टरनं पाच घेऊन चारच वहीत लिहिल्याची तक्रार केली, आणि वर्गाचं तहसील कार्यालय झालं. मी खडू खाली ठेवला. वैतागून सगळ्यांना गप्प बसवलं. आणि संध्याकाळी गाडीत, लिंबगावला, पुस्तकाची मागची पानं चाळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की १९१८ साली खेड्यात हेच तर झालं होतं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीक बुडालं, चार आण्यांच्या आत पीक आलं तर साऱ्याची वसुली थांबवायची असा सरकारचाच नियम होता, सरकार म्हणे पीक त्याहून जास्त आहे, शेतकरी म्हणे येऊन बघा. सत्याग्रह त्यातून उभा राहिला. पोरांनी माझ्या नाकासमोर खेडा सत्याग्रह करून दाखवला होता आणि मी त्यांना "बडबड बंद" म्हणालो होतो. कलेक्टर उगाच नेमला मी दुसऱ्याला. नोकरीची ती जागा माझ्यासाठीच होती.

मग मी घरचा अभ्यास दिला. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून या, इंग्रज आपल्या गावात कर कसा वसूल करायचे. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. सगळ्यांचं उत्तर एका ओळीत. 'आमच्या गावात इंग्रज नव्हते.' कॉपी केली म्हणून मी अर्ध्या वर्गाला उभं केलं. उरलेल्यांना उभं करणार तेवढ्यात दारात काठी वाजली. एका मुलानं वहीत लिहायचा कंटाळा केला होता आणि पुरावा म्हणून थेट पणजोबांनाच घेऊन आला होता.

"गुरुजी, इंग्रज कुठून धरून आनलाव तुमी?" नव्वदी ओलांडलेल्या त्या माणसानं माझ्याच खुर्चीत बसत विचारलं. "हितं निजाम व्हता."

"पण आजोबा, पुस्तकात..."

"पुस्तक पुन्याचं आसंल."

पुस्तक पुण्याचंच होतं, पण पुण्याच्या माणसांवर खापर फोडायचीही सोय नव्हती, कारण हैदराबादचा मुक्तिसंग्राम त्यात व्यवस्थित छापलेला होता. पुढं. मी अजून लिंबगावपर्यंतच वाचलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, मी नांदेडात वाढलेला माणूस. दर १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करून पेढा खात आलेला. पण डोक्यात स्वातंत्र्याचा इतिहास म्हटलं की दांडी, साबरमती, मुंबई. तो कायम दुसऱ्या गावाला घडलेला. आजोबा बोलत गेले आणि पोरं, जी माझ्या तासाला बाकावर रेघोट्या ओढतात, हनुवट्या हातावर टेकून ऐकत राहिली. महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसवली होती. सरकार ठरवील त्या भावात, सरकार ठरवील तेवढं धान्य घालायचं. "लेव्हीवाले शिवंत दिसले की माझी माय ज्वारी पेवात लोटायची आन् पेवाच्या तोंडावर म्हैस बांधायची. म्हैस मारकी व्हती. जमादार काय म्हशीची झडती घील व्हय?" पुढं स्टेट काँग्रेसनं लेव्ही घालू नका, सारा भरू नका असं सांगितलं, शिंदीच्या झाडांवर सरकारला मोठा महसूल मिळायचा म्हणून लोकांनी शिंदीची बनंच्या बनं कुऱ्हाडीनं आडवी केली, संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते, माल आत आला की जकात, बाहेर गेला की जकात, ते नाके जाळले. तिकडं १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत रोषणाई आणि इकडं हैदराबादेत तिरंगा फडकावला म्हणून स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं हात वर केले. तोवर तेरा महिने चुडावा पारतंत्र्यातच. ती फौज धाडणारे गृहमंत्री कोण, तर १९२८ साली बारडोलीत बावीस टक्क्यांची सारावाढ लढून सहा टक्क्यांवर आणवणारे वल्लभभाई. माणसानं साराबंदी करावी तर अशी, शेवटी संस्थानच वसूल करून आणावं.

पैशाचीही मजा. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारला एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. म्हणजे सहा कलदार बरोबर सात हाली. हे गुणोत्तर ऐकून त्या दिवसात पहिल्यांदा मला आपल्या गावी आल्यासारखं वाटलं. मी फळ्याकडे धावलो, त्रैराशिक मांडलं, आणि आजोबा उठून निघाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. इंग्रज रद्द. आता निजाम. उरलेल्या शेंगा डब्यात होत्याच, कमी पडल्या तिथं आणखी दोन किलो उधारीत आल्या, आणि वर्गाचं दार झालं करोडगिरीचा नाका. नाकेदार अर्थात मी. टेबल दारात आडवं लावलं, रुमालाची पगडी केली (का केली ते विचारू नका), शेंगांचा डबा म्हणजे सरकारी खजिना, तो टेबलाखाली पायात धरला. आत येणाऱ्यानं दोन शेंगा, बाहेर जाणाऱ्यानं दोन. पोरांना सांगितलं, आता तुम्ही ठरवा काय करायचं.

हे वाक्य मास्तरानं वर्गात कधीही उच्चारू नये.

पाच मिनिटं सगळे शहाण्यासारखे दोन-दोन शेंगा भरत होते. मग मागचा बाक भिंतीपासून सरकवून पोरांनी खिडकीला लावला आणि त्यावर खडूनं लिहिलं 'उमरखेड'. मी विचारलं, हे काय? तीच मुलगी, न बोलणारी. "सर, उमरखेड वऱ्हाडात. तिथं निजामाचं राज्य नाही. स्वातंत्र्यसैनिकांची छावणी तिथं होती. तुमचा नाका इथपर्यंत चालत नाही." मी म्हटलं, वा! आणि मान डोलवत फळ्यावर उमरखेडचा नकाशा काढायला वळलो. नाकेदारानं नाक्याकडे पाठ करू नये, हे निजामाच्या साध्या शिपायालाही ठाऊक असणार. खिडकीतून माल उमरखेडला, उमरखेडहून नववीच्या वर्गात, नववीतून टरफलं परत, असा व्यापार जोरात सुरू झाला, आणि मी नद्या काढत होतो. यावेळी बरोबर काढत होतो, भूगोलाच्या मॅडमना विचारून.

मग कुणीतरी ओरडलं, "उमरी!"

३० जानेवारी १९४८ ला उमरखेडच्या छावणीतल्या सैनिकांनी निजामाच्या मुलखात शिरून उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून, आणि त्या लाखो रुपयांचा चोख हिशेब ठेवला. हे मी आदल्याच दिवशी शिकवलं होतं. मोठ्या रंगात शिकवलं होतं. आपण शिकवलेलं पोरांच्या लक्षात राहतं याचा एवढा धक्का मला आयुष्यात बसला नाही. पंचवीस-तीस पोरं टेबलावर आली, टेबल माझ्यावर आलं, पगडी सुटून डोळ्यांवर आली, पायातला खजिना कुणी काढला ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि चेंगराचेंगरीत माझी एक चप्पल उमरखेडला गेली. कलेक्टर, ज्याला मी वर्गाची शिस्त राखायला ठेवला होता, सगळ्यात पुढं होता. दोन्ही राज्यांत त्याचं चांगलं चाललं.

मी जमिनीवर, दारात, एका पायात चप्पल, अंगभर टरफलं, दोन्ही हात वर. समोर बूट दिसले. बुटांच्या वर विजार, विजारीच्या वर फाईल, आणि फाईलच्या वर शाळा तपासायला आलेले साहेब. त्यांच्या मागं मुख्याध्यापक, ज्यांचा चेहरा मी मुद्दामच बघितला नाही.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. तोंडात शेंग होती. कशी आली देव जाणे.

"सर, १७ सप्टेंबर!" वर्ग एका सुरात ओरडला. "निजामानं शरणागती दिली!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. वर केलेल्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी पोरांना लेव्ही म्हणजे काय विचारलं, सांगितलं. करोडगिरी विचारली, सांगितली. शिंदीची झाडं का तोडली, हाली-कलदारचा भाव काय, स्वामीजींना अटक कधी, सगळं फडाफडा. शेवटी ते म्हणाले, "आणि दांडीयात्रेचं काय?" वर्गात शांतता. मग न बोलणारी मुलगी बोलली. "ते सरांनी करून दाखवलं, पण चुना निघाला."

शेऱ्यात साहेबांनी काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी मला दाखवलं नाही, पण पुढच्याच आठवड्यात इतिहासाचे सर रजा अर्धवट टाकून हजर झाले. त्यांना कुणीतरी फोन केला असावा. मी पुन्हा गणितावर आलो, लसावि काढायला लागलो, आणि शेवटच्या पानावरची उत्तरं बघून माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

एक दिवस तास सुटल्यावर दुकानदाराचा मुलगा टेबलापाशी आला. हातात वही. "सर, शेंगांचे सहा किलोचे पैसे राहिलेत. बाबा म्हणाले, महिना झाला."

मी खिसे चाचपले. महिन्याची अखेर. मावशींना नवं पातेलं, स्वतःला नवी चप्पल. शेवटी गणिताच्या मास्तराला न शोभणाऱ्या आवाजात म्हणालो, "अरे, या महिन्यात पीक फार वाईट गेलंय. पैसेवारी पन्नासच्या आतच धर. थोडी सूट..."

त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि दप्तर खांद्याला लावलं.

"अर्ज द्या, सर. पंचनामा करून कळवतो."